पाव्हण्याच्या अकरा रेकॉर्डी

आमच्या गावात मारुतीच्या पाराच्या अलीकडं एक लिंबाचं झाड आहे आणि पलीकडं विहीर. लिंबापासून विहिरीपर्यंत अंतर किती, तर बाईमाणसाची शंभर पावलं. या शंभर पावलांत आमच्या वस्तीतल्या लग्नाचा बाजा बंद ठेवायचा, अशी रीत होती. लिंबापाशी क्लॅरनेट तोंडातून काढायचं, ढोलावरचा हात थांबवायचा, खाली बघत भराभरा चालायचं आणि विहीर मागं पडली की पुन्हा वाजवायला लागायचं. कारण काय, तर मारुतीला खपत नाही.

आता माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, बँड पार्टीचे मास्तर होते. त्याच गावात, त्याच पारासमोर, बड्या घरच्या लग्नांत ते तासतासभर क्लॅरनेट वाजवायचे. नवरदेव पाराला पाया पडून येईपर्यंत थांबायचंच नाही, अशी सक्त ताकीद असायची. तेव्हा मारुतीला सगळं खपायचं. क्लॅरनेट तेच, फुंकणारं तोंड तेच. लग्न कुणाचं आहे ते मारुतीला नुसतं ऐकून कळत असावं. मी हे एकदा पाराजवळून जाताना मोठ्यानं बोलले, तर मायनं माझा दंड असा दाबला की दोन दिवस वळ राहिला.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला त्या पावसाळ्यात गावात आमच्या वस्तीतली दोन घरं जळाली. नाव बदलायचं होतं विद्यापीठाचं आणि पेटली आमची छपरं. त्या दोन घरांत चौथीच्या पुढं शिकलेलं एक माणूस नव्हतं. त्यानंतर अप्पांनी आम्हाला परभणीला आणलं. स्टेशनच्या मागं दोन खोल्या घेतल्या. काका गावातच राहिले. अप्पांचा बँड तसाही परभणीचाच होता. गावात आता ते सुपारी असली तरच जायचे. लग्नघरची माणसं येऊन सुपारी देऊन गेली की ती तारीख त्यांची, एवढाच व्यवहार. जाळपोळ झाली त्याच गावात पुढच्याच उन्हाळ्यात अप्पा लाल कोट घालून वाजवायला गेले. मला राग आला होता. अजूनही येतो.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा अप्पांनी भंगारवाल्याकडून रेकॉर्डी आणल्या. स्टेशनजवळच्या एका बंगल्यातले साहेब बदलून गेले होते आणि त्यांचं सामान रद्दीत निघालं होतं. मोठ्या मोठ्या, पोळपाटाएवढ्या अकरा तबकड्या, सगळ्या एकाच माणसाच्या. प्रत्येक पाकिटावर त्याचा फोटो. माणूस आमच्यापेक्षाही काळा, अंगात कोट आणि हातात सॅक्सोफोन. अप्पांनी त्या जमिनीवर मांडल्या आणि फोटोतल्या वयाप्रमाणं ओळीनं लावल्या. पहिल्या पाकिटावर तो मिसरूड फुटलेला, सातव्यावर पोट सुटलेलं, अकराव्यावर केस पांढरेफेक.

"अकरा!" अप्पा म्हणाले. "म्हंजी गड्यानं एक हंगाम चुकवला न्हाई."

त्यांना दुसऱ्या कशाचंच नवल वाटलं नाही. तो कुठल्या देशाचा, कुठलं संगीत, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. इतकं वाजवणारा माणूस म्हणजे आपल्यासारखाच सुपारीवाला, पोटासाठी रोज फुंकणारा, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या दिवसापासून तो आमच्या घरात पाव्हणा झाला. माय चिडली की म्हणायची, "त्या पाव्हण्याला जेवायला वाढू का आता?"

पाकिटांच्या मागं बारीक इंग्रजीत बरंच छापलेलं होतं. मी डिक्शनरी घेऊन एकेका पाकिटाचा अर्थ लावला. माझं इंग्रजी बेताचं, पण एक गोष्ट मला नीट कळली आणि मी ती अप्पांना वाचून दाखवली. ज्या मोठ्या हॉटेलांत पाव्हणा वाजवायचा, तिथं त्याला पुढच्या दारानं येऊ देत नसत. स्वयंपाकघराच्या दारानं आत घ्यायचे आणि रात्री तिथूनच बाहेर काढायचे.

अप्पा पान लावत होते. हात थांबला. "म्हंजी बाजा पुढच्या दारानं आन् माणूस मागच्या?"

"व्हय."

"मग जेवायला कुठं बसवीत व्हते त्याला?"

ते काही पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. पण बड्यांच्या लग्नात बँडवाल्यांची पंगत गोठ्यामागं सगळ्यात शेवटी बसते, हे मला माहीत होतं, त्यांना तर होतंच. त्यांनी पान न खाताच डब्यात ठेवून दिलं.

रेकॉर्डी वाजवायच्या तर मशीन पाहिजे. ते होतं चाचांकडं. चाचा म्हणजे अप्पांचे दोस्त, लग्नामांडवात लाऊडस्पीकर लावायचे. सिनेमाच्या छोट्या तबकड्यांवर त्यांचा धंदा चालायचा. मोठी तबकडी त्यांनी कधी विकत घेतली नव्हती. "लाओ मास्टर, इसमें क्या है, बडी रोटी भी उसीच तवे पे पकती," म्हणाले आणि सुई ठेवली.

काय सुसाट वाजलं ते! बारीक, चिरका, नाचरा आवाज. अप्पा पाकीट पुन्हा पुन्हा बघायला लागले. "फोटोत सॅक्सोफोन धरलाय आन् वाजवतो क्लॅरनेट. फोटोसाठी दुसऱ्याचा घेतला आसंल." आमच्या बँडमध्ये हे चालायचंच. फोटो काढायच्या दिवशी ज्याच्याकडं जास्त चकचकीत वाद्य असेल ते सगळे आळीपाळीनं धरायचे. तिसऱ्या रेकॉर्डवर एक बाई गात होती. ती पाव्हण्याची बायको, हे सर्वानुमते ठरलं.

अप्पांनी पहिल्या रेकॉर्डमधली पहिली चाल उचलली. बोटानं सुई उचलायची, चार सूर क्लॅरनेटवर काढायचे, पुन्हा सुई ठेवायची. महिनाभर चाचांच्या दुकानात त्यांनी हेच केलं. चाचा वैतागून म्हणायचे, "मास्टर, सुई घिस गई, अब मेरी बारी है." पण लग्नसराईत ती चाल वरातीत वाजली आणि लोक वेडे झाले. जिंतूर, बोरी, परभणी, जिकडं जाऊ तिकडं पोरं ओरडायची, "मास्तर, पाव्हण्याची हाणा!" चार हंगाम ती चाल चालली. तिच्यावर किती नवरदेवांचे मित्र नाचून घामाघूम झाले असतील, त्याची गणतीच नाही.

मग कॅसेटी आल्या. चाचांनी टेप घेतला आणि रेकॉर्डचं मशीन आमच्या घरी आणून ठेवलं. त्याच सुमाराला मला बघायला पाहुणे आले, म्हणजे खरेखुरे.

मुलाचं जिंतूरला रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. किडकिडीत, खालमानेनं बसलेला. मी पोहे घेऊन गेले तर त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. तो बघत होता कोपऱ्यातल्या मशीनकडं, कारण अप्पांनी पाहुण्यांवर छाप पाडायला पाव्हण्याची रेकॉर्ड लावली होती.

"हे जोरात फिरायलंय," तो म्हणाला.

"काय जोरात?" अप्पा.

"मशीन. तबकडी सावकाश फिरायला पायजे. हे पळायलंय."

त्याच्या बापानं त्याला कोपरानं ढोसलं. मुलगी बघायला आलेल्यानं सासऱ्याच्या मशीनला नावं ठेवायची म्हणजे कमालच. अप्पांचा चेहरा लाल झाला. "चार वर्षं झाली ऐकायलोय आमी. तुमाला आज आल्या आल्या कळलं?"

तो उठला, मशीनपाशी उकिडवा बसला, खिशातून टेस्टर काढला. बघायच्या कार्यक्रमालासुद्धा हा माणूस टेस्टर घेऊन आला होता, तिथंच तो मला आवडला. वेग बदलायच्या खटक्याच्या फटीत त्यानं टेस्टर घातला आणि एक आगकाडी बाहेर काढली. काळी पडलेली, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

चाचांनी घातलेली होती ती. मशीन बैलगाडीतून गावोगाव न्यायचे तर हादऱ्यानं खटका घसरायचा, म्हणून त्यांनी छोट्या तबकड्यांच्या वेगावर तो कायमचा आवळून ठेवला होता आणि स्वतःच विसरून गेले होते. आणि मी? तबकडी मिनिटाला किती फेऱ्या फिरवायची ते सांगणारा तेहतीसचा आकडा मी तिच्यावर शंभर वेळा वाचला होता. कंपनीचा नंबर असेल म्हणून सोडून दिला होता. घरातली एकटी शिकलेली मी.

त्यानं खटका सरकवला आणि सुई पुन्हा ठेवली.

ते मी आयुष्यभर विसरणार नाही. तीच चाल, पण खालच्या सुरातून, जड, एकेक सूर पाय रोवून येत होता. तो सॅक्सोफोनच होता. फोटोत खोटं काही नव्हतं. तिसरी रेकॉर्ड लावली तर पाव्हण्याची बायको गायब. तिथं एक थकलेला, खरखरीत आवाजाचा पुरुष गात होता, पण रडत नव्हता. शब्द कळत नव्हते, पण हा माणूस कुणालातरी खडसावून सांगतोय, एवढं समजत होतं.

अप्पा भिंतीला टेकून ऐकत राहिले. रेकॉर्ड संपल्यावर हळूच म्हणाले, "मयताचं वाजवलं की काय मी लोकांच्या लग्नात?"

"मयताचं कामून आसंल?" मी म्हणाले. बघायला आलेल्या लोकांसमोर मुलीनं बोलायचं नसतं, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. "लोकं नाचली ना? मग झालं. उलट आता दोन चाली झाल्या तुमच्याकडं."

तेव्हा त्या मुलानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. लग्न ठरलं.

मला वाटलं होतं, लग्न परभणीत होईल. माय अडून बसली. "पळून आलेल्यावानी शहरात लग्न लावायचं न्हाई. गावात लावायचं. आपल्या वस्तीत, सगळ्यांच्या डोळ्यादेखत." अप्पा कुरकुरले, पण मायपुढं त्यांचं काही चालायचं नाही. गावात काकांच्या दारात मांडव पडला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पारावरचे एक म्हातारे गृहस्थ काकांच्या दारात आले. त्यांच्या तिन्ही मुलांच्या लग्नात अप्पांनी वाजवलं होतं. धमकी वगैरे काही नाही, अगदी गोड बोलले. "मास्तर, तुमी शाने हाव. उद्या पोरीची पाठवणी पारावरूनच जाईल. लिंबापासून विहिरीपर्यंत तेवढं रीतीनं होऊ द्या. दिवस बरे न्हाईत."

अप्पांनी मान डोलावली. हात जोडून डोलावली.

ते वळले आणि मी मांडवातून बाहेर आले. अंगाला हळद लागलेली, तशीच. "काय कबूल केलंत तुमी?"

"आगं माय, शंभर पावलं तर हायेत. दोन मिनिटांचं काम. या गावची आन् आजूबाजूच्या सात गावांची सुपारी माझ्याकडं हाय. बँडमधी अकरा घरं जेवत्यात."

"मग ऐका. जिथं बाजा बंद पडंल तिथं मी जीपमधून उतरीन आन् पारासमोर मातीत बसंन. सासर गेलं खड्ड्यात."

"येडी झाली का तू?"

"पाव्हण्याच्या अकरा रेकॉर्डी ऐकल्या तुमी," मी म्हणाले. "सगळ्या. त्याच्या दाराचं ऐकून पान तसंच ठेवून दिलं. आन् सोताच्या पोरीच्या लग्नात तुमच्याच्यानं एक चाल वाजवनं व्हत न्हाई?"

बापाला असं बोलायचं नसतं. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आता वाटतं असंही मी म्हणणार नाही. अप्पा मांडवामागं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. उन्हं कलल्यावर पाठवणी निघाली. नवऱ्यानं जिंतूरहून जीप आणली होती, तिच्यात आम्ही दोघं. पुढं बँड. मास्तराच्या मुलीच्या लग्नात मास्तर वाजवत नाही. त्या दिवशी तो फक्त बाप असतो, म्हणून बँडमधला ट्रम्पेटवाला पुढं होता आणि अप्पा कोरं धोतर नेसून जीपच्या मागं चालत होते. वस्तीपासून लिंबापर्यंत पाव्हण्याची जलद चालच वाजत होती आणि चाचा कमरेवर हात ठेवून सगळ्यांत पुढं नाचत होते. त्या चालीच्या वेगानं जीपसुद्धा भराभर पुढं सरकत होती.

लिंब आला. कुणी इशारा केला नाही, कुणी काही बोललं नाही. ट्रम्पेट खाली आला, ढोल थांबला, सगळा बँड गप्प झाला. मला भीतीचा एवढा राग आला नसता, पण ती भीतीसुद्धा नव्हती. नुसती सवय होती. इतक्या वर्षांत त्यांच्या हातांना ते झाड पाठ झालं होतं.

पारावर पंधरावीस माणसं बसलेली होती. सगळी आमच्याकडं बघत होती.

मी शेला सावरला आणि एक पाय जीपच्या खाली टाकला. नवऱ्यानं मला अडवलं नाही. तो ड्रायव्हरकडं वाकून म्हणाला, "पहिला गेर टाक. आन् काढू नको." मला वाटलं, मला उतरता यावं म्हणून सांगतोय.

तेवढ्यात मागून क्लॅरनेट वाजलं.

अप्पांनी ते अंगावरच्या उपरण्याआड बगलेत धरून आणलं होतं. कधी घेतलं, कुणाला कळलं नाही. ते जीपच्या बाजूनं पुढं आले, बँडच्याही पुढं गेले. डोळे मिटलेले. आणि चाल तीच, पण सावकाश वाजणारी. त्या वेगानं त्यांनी ती कुठंच वाजवली नव्हती. घरातसुद्धा कधी काढलेली आम्ही ऐकली नव्हती. क्लॅरनेटच्या अगदी खालच्या सुरात, लाकडाचा आवाज यावा तशी. बँडला ती येत नव्हती. ढोलवाल्याला थाप कुठं द्यायची ते कळेना. मग त्यानं दर चार पावलांना एकच जड थाप द्यायला सुरुवात केली आणि ते बरोबर जमलं.

चाल सावकाश, म्हणून पावलंही सावकाश. जलद चाल वाजवली असती तर आम्ही पार केव्हाच मागं टाकला असता आणि लोकांनी म्हटलं असतं, वाजवलं पण पळाले. अप्पा एक पाऊल टाकायचे, सूर संपेपर्यंत थांबायचे, मग दुसरं. मी पाय परत आत घेतला. नवऱ्यानं पहिला गेर कशासाठी सांगितला ते आता कळलं: ही शंभर पावलं त्यालाही पळत काढायची नव्हती. पारावरून कुणीतरी ओरडलं, "ए, बंद कर!" एक दगड जीपच्या टपावर येऊन आपटला. चाचा नाचायचे थांबले आणि अप्पांच्या उजव्या अंगाला, पाराच्या बाजूनं जाऊन चालू लागले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकते. गावची सुपारी गेली. आजूबाजूच्या सात गावांचीही गेली. बँडमधले तिघं दुसऱ्या पार्टीत गेले आणि दोन हंगाम अप्पांनी फार ओढाताणीत काढले. काकांच्या घराकडं गावानं वर्षभर पाठ फिरवली. मायनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. अप्पांनी तर कधी विषयच काढला नाही. मात्र त्यानंतर वस्तीत जी लग्नं झाली, त्यातला बाजा लिंबापाशी थांबला नाही. एकदाही नाही. कित्येक वर्षांनी नामांतर झालं त्या दिवशी परभणीत लोक रस्त्यावर नाचत होते आणि म्हाताऱ्या अप्पांकडं जलद चाल मागत होते. त्यांनी ती दिली. मी मात्र डोळे मिटून दुसरीच ऐकत होते.

तर त्या दिवशी आम्ही पाराच्या बरोबर मधोमध होतो आणि चाल संपली. मूळ रेकॉर्डवर ती जिथं संपते, तिथंच. अप्पांनी एक सूरही वाढवला नाही. क्लॅरनेट तोंडातून काढलं आणि धोतरानं त्याची तोंडाकडची पत्ती पुसली. जीप गुरगुरत उभी राहिली. विहीर अजून पन्नास पावलं लांब होती.

आदल्या संध्याकाळी आलेले म्हातारे गृहस्थ पारावरून उठले. कडेला येऊन उभे राहिले. आवाज आताही गोडच होता.

"झालं का मास्तर?"

अप्पांनी मान वर केली. त्या माणसाच्या नजरेला नजर भिडवताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "आजून धा रेकॉर्डी हायेत."

आणि त्यांनी क्लॅरनेट पुन्हा तोंडाला लावलं.